टोमॅटोची रात्र आणि कांद्याचा फेब्रुवारी

२०२३ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला. दिवसाच्या कमाल तापमानाची देशभरातली सरासरी त्या महिन्यात कधी नव्हे इतकी वर गेली. शहरात त्याचा अर्थ एवढाच झाला, की पंखे नेहमीपेक्षा लवकर सुरू झाले. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, देवळा, सटाणा या भागातल्या रानात मात्र उन्हाळ कांदा नुकता पोसायला लागला होता, आणि त्याच्यासाठी हे दिवस फार मोलाचे असतात.

कांद्याला सुरुवातीला पात वाढवण्यासाठी थंडी लागते. मग गड्डा पोसण्यासाठी कोमट हवा लागते, साधारण १६ ते २५ अंशांची. शेवटी माना पडून, म्हणजे पात गड्ड्याजवळ मोडून आडवी होऊन, कांदा पिकायला कडक ऊन लागतं. हा क्रम त्याच्या अंगात ठरलेला आहे. फेब्रुवारीतच मार्च-एप्रिलसारखं ऊन पडलं तर रोपाला वाटतं, आता पिकायची वेळ आली. मग पोसण्याचे दिवस कमी होतात, माना लवकर पडतात आणि पिकात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वाढते. खत तेवढंच, पाणी तेवढंच, खुरपणीची मजुरी तेवढीच. वजन मात्र कमी.

हवामान बदल आणि शेती या विषयावर बोलताना आपण बहुतेक वेळा सरासरीवर बोलतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, हे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अहवालात नोंदलेलं आहे. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल, की पाऊण अंशाने काय बिघडतं? भाजीपाल्याच्या बाबतीत हा प्रश्नच वेगळ्या जागी विचारायला हवा. भाजीचं पीक तीन-चार महिन्यांचं असतं. त्यात फुलं लागण्याचे, गड्डा धरण्याचे, काढणीचे असे मोजके नाजूक दिवस असतात. बाकी सगळा हंगाम उत्तम गेला आणि तेवढेच दिवस चुकीचे आले, तर पीक गेलं. सरासरी पाऊण अंशाने सरकते तेव्हा पूर्वी क्वचित येणारे टोकाचे दिवस वारंवार येऊ लागतात आणि भलत्याच महिन्यात येऊ लागतात. आपली लागवडीची वेळापत्रकं जुन्या हवामानावर बेतलेली आहेत. खरं दुखणं तिथे आहे.

टोमॅटोवर हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू.

नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात उन्हाळी टोमॅटो होतो, तर दिंडोरी-पिंपळगाव भागात पावसाळी. दोन्हीकडे उन्हाच्या किंवा दमट हवेच्या काही आठवड्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते: झाड हिरवंगार आहे, फुलं भरपूर आहेत, पण फळ धरत नाही, फूलगळ होते. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं काम उरकतं. पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांची एक नळी असते, तिच्या आत स्त्रीकेसर. वाऱ्याने फूल हललं की पराग आतल्या आत पडतात आणि फळ धरतं. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीचा २१-२२ च्या वर सतत राहिला, की पराग नीट तयार होत नाहीत. झाले तरी त्यांच्यात जोम नसतो. कधी कधी उष्णतेने स्त्रीकेसराचं टोक लांबून नळीच्या बाहेर येतं आणि पराग तिथवर पोचतच नाहीत.

यातली रात्र महत्त्वाची आहे, आणि आपण तिच्याकडे फार कमी बघतो. दिवसभर पान उजेडात साखर बनवतं. रात्री तीच साखर फुलांकडे, फळांकडे, मुळांकडे जाते आणि काही भाग झाड स्वतःच्या श्वसनात खर्च करतं. तापमान १० अंशांनी वाढलं तर श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. रात्र उबदार असेल तर दिवसभराच्या कमाईतला मोठा वाटा झाड रात्रीतच संपवतं आणि परागांच्या वाट्याला उपासमार येते. ढगाळ, दमट हवेत जमिनीची उष्णता रात्री बाहेर पडत नाही, म्हणून दिवस फारसा तापलेला नसतानाही रात्री गरम राहतात. हवामानाचा अंदाज पाहताना कमाल तापमान आणि पाऊस एवढंच पाहून मोबाइल खिशात टाकणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की किमान तापमानाचा रकाना आधी वाचा.

आणखी एक गोष्ट फवारणीची बाटली घेण्याआधी माहीत असायला हवी. पराग घडण्याची सर्वांत नाजूक अवस्था फूल उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधी येऊन जाते. म्हणजे आज गळणारं फूल आजच्या उन्हाने गळत नाही. गेल्या आठवड्यातल्या उकाड्याने त्याचं आधीच ठरलेलं असतं. ‘फूलगळ थांबवणारं’ म्हणून विकलं जाणारं औषध त्या फुलाला परत आणू शकत नाही. चार दिवसांनी हवा निवळली की नवीन फुलं धरतात आणि श्रेय बाटलीला मिळतं. शेतकऱ्याचे हे पैसे जाताना पाहून मला फार वाईट वाटतं. शहरातल्या गच्चीवर कुंडीत टोमॅटो लावून एप्रिलमध्ये हिरमुसणाऱ्यांनाही हेच सांगेन: तुमचं काही चुकलेलं नाही, रात्र गरम आहे.

फळ धरलं तरी संकट संपत नाही. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो आणि तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की ते बनणं मंदावतं. पिवळा-नारिंगी रंग देणारं कॅरोटीन मात्र बनत राहतं. कडक उन्हाळ्यातले टोमॅटो देठाजवळ पिवळे राहतात आणि व्यापारी त्यांना कमी भाव लावतो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. विषाणूमुळेही रंग असाच बिघडतो, त्यामुळे पूर्ण प्लॉट पिवळा दिसू लागला तर अंदाज बांधण्यापेक्षा नमुना तपासून घेतलेला बरा.

फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडतो, तो कॅल्शियम कमी पडल्याचा. पण जमिनीत कॅल्शियम नसतं असं क्वचितच होतं. आपल्या काळ्या जमिनीत तर ते भरपूर आहे. कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात वर चढतं आणि जिथून जास्त पाणी उडून जातं तिथे जास्त जातं. गरम कोरडी हवा पानातून पाणी ओढून घेते, दोरीवरचं धुणं उन्हाळ्यात लवकर वाळतं तसं. पानं सगळा ओघ स्वतःकडे खेचतात आणि फळाच्या टोकाला कॅल्शियम पुरत नाही. त्यात पाणी कधी जास्त, कधी कमी दिलं की दुखणं वाढतं. उपाय बराचसा पाण्याच्या शिस्तीत आहे: ठिबकवर थोडं थोडं, ठरल्या वेळी. याच बेशिस्तीने फळं तडकतातही. आठ दिवस ताण बसलेल्या झाडावर एकदम मोठा पाऊस झाला, की फळाचा गर सालीपेक्षा वेगाने फुगतो.

आता पुन्हा कांद्याकडे. महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत होतो. पावसाळ्यात लागून दिवाळीच्या आसपास निघणारा लाल कांदा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागून जानेवारी-फेब्रुवारीत निघणारा रांगडा आणि डिसेंबर-जानेवारीत लागून एप्रिलच्या सुमारास निघणारा उन्हाळ. उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, जातो आणि देश पुढचे पाच-सहा महिने तोच खातो. यातल्या प्रत्येकाची दुखरी वेळ वेगळी आहे.

लाल कांद्याचा शत्रू पाऊस. रोपवाटिकेत पाणी साचलं की मर लागते, शेतात करपा आणि पीळ पडण्याचा रोग. ऑक्टोबरात काढणीला आलेला कांदा परतीच्या पावसात सापडला तर जागेवर सडतो. २०१९ मध्ये हेच झालं आणि त्या वर्षअखेर कांद्याचे भाव देशभर कडाडले. रांगड्याची गोष्ट उलटी. कांदा हे मुळात दोन वर्षांचं झाड आहे: पहिल्या वर्षी गड्डा, मधे थंडी, मग फूल. रांगडा पुरेसा मोठा झालेला असतानाच डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी बराच काळ राहिली, तर त्याला वाटतं हिवाळा सरला, आता फुलायचं. मग मधून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात आणि आतला कांदा पोकळ, टिकाऊपणा नसलेला होतो. एकूण तापमान वाढत असलं म्हणून थंडीच्या लाटा येत नाहीत असं नाही. उबदार दिवसांमागे अचानक थंडी, मग पुन्हा ऊब, अशा हेलकाव्यांत शेतकऱ्याला लागवडीची तारीख धरणं अवघड जातं.

उन्हाळ कांद्याला लवकर आलेल्या उन्हाचं भय आहे, ते वर सांगितलं. त्याहून मोठं भय काढणीच्या वेळच्या पावसाचं. माना पडल्यावर पाणी तोडतात, कांदा उपटून तीन-चार दिवस पातीसकट शेतात सुकवतात, मग मान थोडी ठेवून पात कापतात आणि सावलीत दहा-बारा दिवस वाळवतात. या काळात मान मिटते, वरचा पापुद्रा कागदासारखा होतो, आणि तो पापुद्राच पुढच्या पाच महिन्यांची राखण करतो. याच दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर उघड्या मानेतून पाणी आत जातं. बाहेरून कांदा चांगला दिसतो, चाळीत भरला जातो आणि जुलैमध्ये चाळीतून वास येऊ लागतो. २०२५ च्या मे महिन्यात राज्यभर पाऊस झाला. २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोचला, जिथली नेहमीची तारीख ११ जून आहे. ज्यांचा कांदा तोवर शेतातच ढीग घालून पातीने झाकलेला होता, त्यांच्या हाती काय उरलं असेल याची कल्पना यावरून येईल.

चाळीचंही गणित हवेवर चालतं. कांदा २५ ते ३० अंश तापमानात आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत सर्वांत चांगला टिकतो. त्याहून गरम हवेत वजन घटतं, दमट हवेत सड लागते, हवा गारठली की कोंब फुटतात. लोखंडी पत्र्याचं बुटकं छप्पर असलेली, खालून हवा न खेळणारी चाळ मे महिन्यात भट्टी होते. जमिनीपासून उचललेला तळ, खालून आणि बाजूंनी खेळती हवा, छपराला बाहेर काढलेली पाख आणि शक्य असेल तर कौल किंवा पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर, या गोष्टींवर केलेला खर्च मला नवीन औषधांवरच्या खर्चापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

फ्लॉवरची गोष्ट थोडक्यात. फ्लॉवरच्या लवकर, मध्यम आणि उशिराच्या जाती असतात आणि गड्डा धरण्यासाठी प्रत्येकीला ठरावीक तापमान लागतं. लवकरच्या जातींना २० ते २७ अंश चालतात, उशिराच्यांना १० ते १६ लागतात. उशिराची जात उबदार हवेत लावली तर ती नुसती पानं वाढवत बसते, आणि लवकरची जात थंडीत सापडली तर बटणाएवढा गड्डा येतो. बियाणं खोटं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडणं होतात, तेव्हा खोटा हंगाम निघालेला असू शकतो. काकडी, दोडका, भोपळा या वेलींत उष्णतेने नर फुलं वाढतात आणि मादी फुलं घटतात. त्यात पावसाची झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि वाकडी-तिकडी, अर्धवट भरलेली फळं येतात.

पावसाचं काय बदललं, हे समजायला एक साधा नियम पुरतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पावसाआधीचा खंड लांबतो आणि पडतो तेव्हा धो धो पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्राकडून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांचा त्यात मोठा हात आहे. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली तेव्हा द्राक्षाच्या बातम्या जास्त आल्या, पण कांद्याची रोपं आणि टोमॅटोचे प्लॉटही त्याच गारांखाली होते.

शेतात पाणी साचलं की झाड दुपारी कोमेजतं, हे अनेकांना कोडं वाटतं. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट हळू. जमिनीतली पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभं राहूनही पाणी ओढू शकत नाहीत. टोमॅटो, मिरची, कांदा यांना एक-दोन दिवसही भारी पडतात. राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय यासाठीच सपाट वाफ्यांऐवजी १२० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफ्यांची शिफारस करतं. मधल्या ४५ सेंटिमीटरच्या सऱ्यांतून जादा पाणी निघून जातं. मला हा बदल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा वाटतो. तरीही आपल्याकडे खरीप कांद्याचे सपाट वाफे अजून किती दिसतात!

टोमॅटोसाठी याहून पुढचा मार्ग आहे कलमी रोपांचा. वांग्याची मुळं साचलेलं पाणी आणि जमिनीतला जिवाणूजन्य मर रोग टोमॅटोपेक्षा बरीच जास्त सोसतात. म्हणून वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचा शेंडा बांधतात. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने ही पद्धत पावसाळी टोमॅटोसाठी विकसित करून पसरवली. कलमी रोप महाग पडतं, त्यामुळे पूर्ण क्षेत्रावर उडी घेण्याआधी ज्या कोपऱ्यात दर वर्षी पाणी साचतं तिथे चार ओळी लावून पाहाव्यात.

उष्णतेबरोबर किडींचं चक्रही वेगाने फिरतं. फुलकिडे आणि पांढरी माशी यांची एक पिढी गरम कोरड्या हवेत कमी दिवसांत पुरी होते, म्हणजे त्याच हंगामात एक-दोन पिढ्या जास्त. पांढरी माशी टोमॅटोवर पानं आकसवणारा लीफ कर्ल विषाणू आणते, आणि विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. म्हणून खरी लढाई रोपवाटिकेत आहे: बारीक छिद्रांच्या जाळीत वाढवलेली रोपं, आणि रानात चंदेरी मल्चिंग पेपर, ज्याच्या परावर्तित उजेडाने माशी आणि फुलकिडे बिचकतात. कांद्याच्या कडेने मका आणि आत गहू अशा दोन ओळी लावल्या, तर फुलकिडे बऱ्याच अंशी त्या भिंतीपाशी अडतात.

वाणाबद्दल नेहमी विचारणा होते, की कुठलं बियाणं लावलं म्हणजे काळजी मिटेल. तसं बियाणं नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक टोमॅटो लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्हींना तोंड देतो. भीमा शक्ती कांदा रांगडा आणि रब्बी (म्हणजे उन्हाळ) दोन्हींत घेता येतो, भीमा किरण चाळीत चांगला टिकतो, भीमा सुपर आणि भीमा डार्क रेड खरिपासाठी आहेत. ही सगळी मोलाची कामं आहेत. पण भीमा किरण काढणीच्या पावसात भिजला तर तोही सडतो. वाण, वेळ, वाफा आणि पाणी या गोष्टी एकत्रच चालतात.

वेळेच्या बाबतीत करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे सगळी लागवड एका दिवशी न करणं. एक एकर टोमॅटो असेल तर दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावावा. एका टप्प्याची फुलं उकाड्यात सापडली तरी दुसऱ्याची वाचतात, आणि बाजारात सगळा माल एकदम येत नाही. याला अडचणीही आहेत, हे मान्य. ट्रॅक्टर, रोपं, मजूर सगळं वेगवेगळ्या दिवशी जमवावं लागतं, आणि जुन्या टप्प्यावरची कीड नव्यावर सरकते. पण मे २०२३ मध्ये ज्या टोमॅटोला तोडणीचा खर्चही सुटत नव्हता, तोच जुलैमध्ये शहरांत शंभर रुपये किलोच्या पुढे गेला. कमी भावाला कंटाळून लोकांनी प्लॉट सोडले, नंतरच्या लागवडींना उन्हाने आणि मग पावसाने झोडपलं, आणि शंभराचा भाव घ्यायला ज्याच्या शेतात माल उरला होता असा शेतकरी विरळा होता. भाव वाढला म्हणजे शेतकरी सुखावला, असं शहरात बसून म्हणणं अन्यायाचं आहे.

शेडनेटबद्दल माझं मत सावध आहे. उन्हाळ्यात कोथिंबीर, पालक, रोपवाटिका यांना ३५ ते ५० टक्के सावलीची जाळी फार उपयोगी पडते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून २०१८ पासून मराठवाडा-विदर्भातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना त्यासाठी अनुदानही मिळालं. पण मोठा सांगाडा कर्जावर उभारून तो वादळात उडाला तर कुटुंब बसतं. बांधावर शेवगा-गिरीपुष्पाची वाराबंदी, दोन ओळींत आच्छादन, जमिनीत दर वर्षी शेणखत-कंपोस्ट, ही कामं दिसायला साधी आहेत. ती जमिनीचा ओलावा धरतात आणि मुळाजवळचं तापमान खाली आणतात. उन्हाळ्यात टोमॅटोऐवजी थोडं क्षेत्र गवार, चवळी, भेंडीला द्यावं. या भाज्या उष्णतेच्या ओळखीच्या आहेत.

या सगळ्यात शेतकऱ्याने एकट्याने करण्यासारखं जितकं आहे, तितकंच सरकारने आणि विद्यापीठांनी करण्यासारखं आहे. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर तो मराठीतही वाचता येतो. ‘महावेध’ प्रकल्पामुळे महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत आणि त्यांत किमान तापमानाची रोजची नोंद होते. तरी लागवडीच्या शिफारशी अजून राज्यभरासाठी ‘जून-जुलै’, ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ अशा ढोबळ महिन्यांत छापल्या जातात. चांदवडचा आणि बारामतीचा फेब्रुवारी एक नाही. मंडळांच्या या नोंदी हाताशी घेऊन कांदा आणि टोमॅटोच्या लागवडीच्या तारखा तालुकावार नव्याने तपासाव्यात आणि दर दोन-तीन वर्षांनी त्या दुरुस्त कराव्यात, ही मागणी प्रत्येक शेतकरी गटाने आपल्या कृषी विज्ञान केंद्राकडे लेखी द्यायला हवी.